शिराकावा-गो येथील गवती छपराच्या घरातला मुक्काम

जपानच्या गिफू प्रांतात, शिराकावा-गो भागातील ओगिमाची या गावी, काही जुन्या गवती छपराच्या घरांत घरमालकच पाहुण्यांची सोय करतात. अशाच एका घरात आम्ही पती-पत्नी एक रात्र राहिलो. भाडे खोलीमागे नसून माणशी आकारले जाते आणि त्यात रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते.

गावाला १९९५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाल्याने गर्दी भरपूर असते. मात्र घरे दिखाव्यासाठी सजवलेली वाटत नाहीत. बर्फ साचू नये म्हणून छपराचा उतार सुमारे ६० अंशांचा ठेवतात, तर त्याचा सांगाडा खिळे न ठोकता दोरांनी आणि ओल्या, लवचिक फांद्यांनी आवळून बांधतात. ३० ते ४० वर्षांनी गवत बदलावे लागते आणि त्या कामाला, आपल्याकडच्या इर्जिकीप्रमाणे, सारा गाव लोटतो.

जालना जिल्ह्यात आमची तुतीची बाग आणि रेशीमकीटक संगोपनाची शेड असल्याने माझे लक्ष छपराखालच्या माळ्याकडेच होते, कारण याच माळ्यांवर पूर्वी रेशीमकिडे पाळले जात. आमच्या मुक्कामाच्या घराचा माळा पाहुण्यांसाठी बंद होता, ही मोठी उणीव. पण गावातील कान्दा घराण्याच्या घरात तिकीट काढून वर चढता येते. तेथे खालच्या चुलाण्याची ऊब आणि धूर वरपर्यंत पोहोचतो. त्या धुराने लाकडे काळीभोर झाली आहेत आणि छपराला कीड लागत नाही. दोन्ही टोकांच्या खिडक्यांमुळे हवाही खेळती राहते. आम्ही मे महिन्यात बारदाने भिजवून शेड थंड ठेवण्यासाठी धडपडतो, तर तेथे सारी मांडणी ऊब टिकवण्यासाठी. पत्र्याची शेड उभारणाऱ्या प्रत्येकाने हा माळा पाहावा, असे मला मनापासून वाटते.

सोयींबाबत मात्र अपेक्षा बेताच्याच ठेवाव्यात. खोल्यांमध्ये पातळ सरकती दारे असल्याने शेजारच्याचे घोरणे स्पष्ट ऐकू येते आणि न्हाणीघर सामाईक असते. शाकाहारी मंडळींनी आरक्षणाच्या वेळीच सविस्तर कळवावे, कारण भाजी दिसली तरी तिचा रस्सा बहुधा माशाच्या पाण्यात केलेला असतो. आमच्या घरमालकीणबाईंनी तो आठवणीने वेगळा शिजवला. पैसे रोख द्यावे लागले. एक रात्र पुरेशी आहे, आणि तेवढ्यासाठी दिलेले पैसे वसूल होतात.