सायगॉनमधली एक सकाळ: गल्लीतली जुनी कॉफी की छोटं स्पेशालिटी दुकान?

मुंबईहून थेट विमान सुरू झाल्यापासून ओळखीतले बरेच जण व्हिएतनाममधल्या सायगॉनला जाऊन येतात. कागदोपत्री शहराचं नाव हो ची मिन्ह सिटी, पण बोलण्यात अजून सायगॉनच. कू ची भुयारं, मेकाँग आणि बाजार यांतून कॉफीसाठी जेमतेम एक सकाळ उरते. ती कुठे घालवायची हे विचारणाऱ्याला मी आधी उलटा प्रश्न करतो: कॉफी दूध घालून पिता की कोरी?

दूध-साखर लागतेच, तर जुन्या दुकानात जा. पूर्वीच्या तिसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये (2025 मध्ये डिस्ट्रिक्ट रद्द झाले, बोलण्यात नावं तीच) न्गुएन थिएन थुआत रस्त्याच्या एका गल्लीत चेओ लेओ आहे, 1938 पासूनचं. टपरीवरच्या चहाच्या फडक्यासारख्या कापडी पिशवीतून तिथे कॉफी गाळतात. पेल्यात तळाशी कंडेन्स्ड मिल्क, त्यावर ही काळीभोर कॉफी आणि मग बर्फ. बाकी शहरात बहुतेक ठिकाणी पेल्यावर ठेवायचा पत्र्याचा फिल्टर असतो, त्याला फिन म्हणतात. त्यातून थेंब-थेंब उतरायला चार-पाच मिनिटं लागतात, कोणी घाई करत नाही.

ही चव अशी का, तेही सांगतो. व्हिएतनाममध्ये पिकणाऱ्या कॉफीपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त रोबस्टा. ती अरेबिका या कॉफीच्या दुसऱ्या जातीपेक्षा कडू, आणि कॅफिन जवळपास दुप्पट. जुने भाजणारे ती पार काळी होईपर्यंत भाजतात, वर लोणी, साखर घालतात. फ्रेंचांच्या काळात ताजं दूध मिळणं आणि टिकणं कठीण, म्हणून डब्यातलं घट्ट गोड दूध आलं आणि या कडूपणाला ते असं काही जमून गेलं की आता ताजं दूध असूनही कोणी बदलत नाही. एवढी कडक झेपणार नसेल तर ‘बाक सिउ’ मागा. त्यात दूध जास्त, कॉफी नावापुरती. घरातल्या ज्येष्ठांना हीच आवडते, असा माझा अनुभव.

कट्टर शाकाहारी असाल तर एक सावधगिरी: काही जुने भाजणारे बियांना माशाचा सॉसही लावतात. विचारून घ्या. शिवाय स्वस्त पुडीत मका-सोयाबीन भाजून मिसळलेलं असू शकतं, त्यामुळे रस्त्यावरून मोठं पाकीट उचलू नका.

आता कोरी पिणाऱ्यांसाठी. स्पेशालिटी दुकानं बहुधा जुन्या डिस्ट्रिक्ट एक आणि तीनच्या भागात, कधी जुन्या इमारतीच्या अंधाऱ्या जिन्यावरून दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर. पाच-सात टेबलं, एसी, लॅपटॉप उघडून बसलेली पोरं. न्गुएन हुए रस्त्यावरची 42 नंबरची नऊ मजली इमारत कॅफेंसाठी प्रसिद्ध आहे खरी, पण तिथे फोटो काढणारेच जास्त. ती बघायला जा, कॉफीसाठी दुसरीकडे.

‘स्पेशालिटी’ म्हणजे शंभरपैकी किमान 80 गुण मिळालेली कॉफी. ती हलकी भाजलेली, म्हणून आंबटसर, फळांच्या वासाची आणि दिसायला जवळजवळ चहासारखी. ‘महाग आहे म्हणजे कडक असणार’ या हिशेबाने गेलात तर पहिल्या घोटाला तोंड वाकडं होईल.

कॅपुचिनो मागवू नका. तो पुण्यातही मिळतो. इथिओपियाची कॉफीही नको. दा लात या थंड हवेच्या शहराजवळच्या काउ दातची अरेबिका मागा, ती 1500 मीटरच्या आसपास उंचीवर होते. नाहीतर ‘फाइन रोबस्टा’ आहे का विचारा. एरवी रोबस्टाची पिकलेली-कच्ची फळं एकदमच ओरबाडली जातात. फाइन रोबस्टासाठी फक्त लाल झालेली वेचतात आणि जपून वाळवतात. कडूपणा राहतो, पण त्यामागे कोको, सुकामेव्याची चव कळते. ही रोबस्टा प्यायला मिळणार असेल तरच या दुकानासाठी सकाळ खर्च करावी, असं माझं स्पष्ट मत.

पैशाचं म्हणाल तर एका रुपयाला साधारण तीनशे डोंग धरा. जुन्या दुकानात पेला 20 ते 30 हजार डोंगला, म्हणजे साधारण शंभर रुपयांपर्यंत. स्पेशालिटीत हाताने गाळलेली कॉफी 70 हजारांपासून एक लाखाच्या पुढेही जाते. जुनी दुकानं पहाटेच उघडतात, नवी आरामात. त्यामुळे आधी गल्लीत जायचा मोह होतो, पण दोन्ही करायची असतील तर तसं करू नका: जिभेवर कंडेन्स्ड मिल्क असताना काउ दातची अरेबिका पाण्यासारखी लागते. म्हणजे आधी कोरी, मग उन्हं चढल्यावर गल्लीतली बर्फाची. संध्याकाळी मात्र रोबस्टा नको, रात्रभर छताकडे बघत बसाल.

घरी न्यायची असेल तर स्पेशालिटी दुकानातून घ्या, पाकिटावर भाजल्याची तारीख बघून. फिन मात्र तिथून नको, साध्या सुपरमार्केटमध्ये तो बराच स्वस्त पडतो.