चौदा महिन्यांत तुटलेला पाटा आणि वॉरंटीचा अनुभव

डिसेंबर २०२३ मध्ये घेतलेल्या दीड टनी डिझेल पिकअपबद्दल हा अभिप्राय आहे. इंजिन, मायलेज आणि केबिन यांविषयी माझी तक्रार नाही. वरुड तालुक्यातील आमच्या गावातून नागपूरच्या कळमना बाजारात संत्रा पोहोचवण्याचे काम ही गाडी चोख करते. तक्रार आहे ती मागच्या कमान पाट्यांबद्दल (गाडीचा भार पेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांबद्दल) आणि ते तुटल्यानंतर अधिकृत सर्व्हिस सेंटरने पहिल्या आठवड्यात दिलेल्या वागणुकीबद्दल.

फेब्रुवारी २०२५ मध्ये, मृग बहराचा माल सुरू असताना आणि मीटरवर ३१,४०० किलोमीटर झालेले असताना, वावरातून पांदणीने डांबरी रस्त्यावर चढताना खालून एकदाच ‘कट्’ असा आवाज आला आणि गाडी मागून डावीकडे बसली. त्या वेळी गाडीत ६५ कॅरेट होते. एका कॅरेटचे वजन रिकाम्या पेटीसह २२ किलो धरले तरी माल १,४३० किलो होतो, म्हणजे मर्यादेच्या आतच. गावातील मिस्त्रींनी जॅक लावून पाहिले तेव्हा डाव्या बाजूचा मेन पाटा, म्हणजे गठ्ठ्यातला मुख्य पाटा, सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या) छिद्राला लागूनच आडवा तुटलेला दिसला. त्यांनी तुटलेल्या तोंडावर टॉर्च मारला आणि म्हणाले, “भाऊ, हा पाटा आज नाही तुटला. हा तं दिवाळीपासून तुटतच होता.”

त्यांचे म्हणणे डोळ्यांना दिसत होते. तुटलेल्या तोंडाचा जवळपास तीन चतुर्थांश भाग गंजून तपकिरी-काळा झाला होता आणि उरलेली कड तेवढी ताज्या लोखंडासारखी चकचकीत, दाणेदार होती. एकाच दणक्याने पाटा तुटला असता तर पूर्ण तोंड चकचकीत दिसले असते. येथे तडा कित्येक आठवडे आत सरकत होता आणि त्या दिवशी फक्त शेवटची कड सुटली. अर्थात एवढ्यावरून मी निर्दोष ठरत नाही, कारण सतत जादा माल भरला तरीही पाट्याला असाच सावकाश तडा जातो. मात्र सेंटर बोल्टच्या छिद्रापाशी पाटा तुटण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे यू-बोल्ट सैल पडणे. यू-बोल्टने पाट्यांचा गठ्ठा अॅक्सलवर घट्ट आवळलेला असेल तर मधला भाग वाकत नाही. तो सैल झाला की पाटा नेमका छिद्रापाशी, म्हणजे सर्वांत कमजोर जागी, वाकू लागतो. म्हणूनच नव्या गाडीचे यू-बोल्ट पहिल्या सर्व्हिसिंगला पुन्हा आवळायचे असतात.

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी टोचन करून नेली. तेथील अॅडव्हायझरने गाडीखाली न वाकताच “ओव्हरलोड” असे सांगून वॉरंटी नाकारली. वॉरंटी पुस्तिकेत तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते, असे लिहिले आहे. मात्र जादा भार आणि खराब रस्त्यावरील वापर या दोन्ही बाबी त्यातून वगळल्या आहेत. शेतकरी पिकअप घेऊन पांदणीवर जाणार नाही तर कोठे जाणार, हा प्रश्न पुस्तिका लिहिणाऱ्याला पडलेला दिसत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीत पडलेल्या चाकोऱ्या हिवाळ्यात विटेसारख्या कडक होतात, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते.

माझी बाजू दोन कागदांनी सावरली. पहिला कागद म्हणजे वजनकाट्याच्या पावत्या. हिशेबासाठी मी त्या जपून ठेवतो आणि सत्तेचाळीस पावत्यांपैकी केवळ दोनच आरसीवरील एकूण वजनाच्या वर, तेही ८० आणि ११० किलोंनी, गेल्या होत्या. अॅडव्हायझरने नेमक्या त्याच दोन बाजूला काढल्या, हेही नमूद करायला हवे. दुसरा कागद पहिल्या मोफत सर्व्हिसिंगचे जॉबकार्ड होते. त्यात ऑइल, फिल्टर आणि धुलाई लिहिलेली होती, परंतु यू-बोल्टच्या रकान्यात खूण नव्हती. हे दाखवल्यावर मॅनेजर स्वतः आले, त्यांनी फोटो काढले आणि प्रकरण कंपनीकडे पाठवले.

दरम्यान, पिवळ्या पाटीच्या, म्हणजे व्यावसायिक नोंदणीच्या, गाडीला ग्राहक कायदा लागू होत नाही, असेही मला ऐकवण्यात आले. हे पूर्ण खरे नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू वगळली असली, तरी स्वयंरोजगारातून केवळ आपली उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू त्या वगळणुकीत येत नाही, आणि ही गाडी मी स्वतः चालवतो. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते, वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच ते दहा लाखांच्या दरम्यान असेल तर शुल्क २०० रुपये आहे आणि मुदत दोन वर्षांची आहे. मी आयोगापर्यंत गेलो नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक मॅनेजरना कळवला.

अकराव्या दिवशी मंजुरी आली. डाव्या बाजूचा मेन पाटा, सेंटर बोल्ट, दोन्ही यू-बोल्ट आणि मजुरी वॉरंटीत मिळाली. शॅकलचे (पाट्याचे टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या कडीचे) बुश झिजणारा भाग म्हणून वगळले, ते मला मान्य आहे. रबराचे बुश आमच्या रस्त्यांवर वर्षभर टिकले तरी पुष्कळ. टोचनचा खर्च आणि अकरा दिवस भाड्याच्या गाडीने माल पाठवण्याचा खर्च मात्र पुस्तिकेत कोठेच बसत नाही, आणि पाट्याच्या किमतीपेक्षा तोच जड होता. काम स्वच्छ झाले, हे सांगितले पाहिजे: सेंटरच्या मिस्त्रीने यू-बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळले आणि हजार किलोमीटरनंतर पुन्हा आवळण्यासाठी बोलावले.

एक गोष्ट अजूनही खटकते. तुटला त्याच बाजूचा पाटा बदलायचा, हा कंपनीचा नियम असल्यामुळे नवा पाटा ताठ आणि उजवीकडचा चौदा महिने दबलेला, अशी जोडी झाली आणि रिकामी गाडी आता उजवीकडे कललेली दिसते. पाटे जोडीने बदलावेत, हे कोणताही कमान पाटेवाला सांगतो. शेवटी उजवा मेन पाटा मी मोर्शीत स्वखर्चाने बदलणार आहे आणि बदलण्यापूर्वी कंपनीकडून ईमेलवर लेखी मागितले आहे की, बाहेर बदललेल्या या एका पाट्यामुळे उरलेली वॉरंटी रद्द होणार नाही. त्या ईमेलला आज सोळा दिवस झाले. उत्तर आलेले नाही.