टर्बो गाडीत ९५ ऑक्टेनचं महागडं पेट्रोल: उन्हाळाभर वापरून बनलेलं मत

टर्बो गाडीला "पॉवर"च, म्हणजे ९५ ऑक्टेनचं महागडं पेट्रोलच लागतं, असं आमच्या जालन्यात पंपावरच्या पोरांपासून गॅरेजवाल्यांपर्यंत सगळे छातीठोकपणे सांगतात. इंडियन ऑइलचं एक्सपी९५, एचपीचं पॉवर९५ ही त्यातली नेहमीची नावं. साध्यापेक्षा लिटरमागं सात-आठ रुपये जास्त. आमच्या मराठवाड्यात साधंच पेट्रोल आधी महाग पडतं. परभणीचा दर राज्यात सर्वांत वर गेल्याची बातमी अधूनमधून येते, कारण टँकर थेट मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून येतात. त्यामुळं हे वरचे पैसे कशाला द्यायचे, हे मला नीट समजून घ्यायचं होतं.

माझं काम बियाण्याच्या विक्रीचं. जालन्याहून अंबड, वडीगोद्री, गेवराई, बीड, तिथून मांजरसुंब्याचा घाट चढून केज, अंबाजोगाई आणि लातूर. खरिपाच्या आधी दुकानदारांच्या गाठीभेटी असतात, म्हणजे हे सगळं ऐन मे महिन्यात, एसी चालू आणि मागं सॅम्पलची पोती. गाडी एक लिटरची, तीन सिलेंडरची टर्बो पेट्रोल, मॅन्युअल गिअरची. कधी साधं, कधी ९५ असं टाकी रिकामी करून करून भरलं.

मायलेजमध्ये माझ्या डोळ्यांना फरक दिसला नाही. घाटातही नाही. चौथ्या गिअरवर, कमी आरपीएमला ओढायला लावली तर दोन्ही पेट्रोलवर तोच जडपणा. तिसरा टाकला की दोन्हीवर गाडी तशीच मोकळी.

याचं कारण कळलं तेव्हा पंपावर उत्तर देणं सोपं झालं. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाब आणि उष्णता वाढली तरी ठिणगीआधी किंवा भलतीकडंच पेट न घेण्याची सहनशक्ती म्हणजे ऑक्टेन. टर्बो हवा कोंबून सिलेंडरमध्ये भरतो, दाब वाढतो, म्हणून तत्त्वतः टर्बोला जास्त ऑक्टेन मानवतं, हे खरंच आहे. पण कंपनीनं इंजिन बसवतानाच ते ठरलेल्या ऑक्टेनवर बसवलेलं असतं. वर नॉक सेन्सर असतो. आत ठोका पडायला लागला की कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा पाडतो. ताकद किंचित कमी होते, इंजिन वाचतं. ज्या इंजिनाला ९१ पुरतं, त्याला ९५ दिलं म्हणून ते जास्त पळत नाही.

आणि खरी गोष्ट पुढंच आहे. बीएस-६ च्या, म्हणजे धुराच्या प्रदूषणाच्या सरकारी नियमांत बसणाऱ्या साध्या पेट्रोलला किमान ९१ ऑक्टेन लागायचं. आता पंपावर साधं म्हणून जे मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, आणि त्याच्या मानकातच किमान ९५ ऑक्टेन लिहिलेलं आहे. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन शंभराच्या वर. म्हणजे आपल्याच भागातल्या उसाच्या मळीतून निघालेल्या इथेनॉलनं साध्याला ९५ वर नेऊन ठेवलंय, आणि आपण ९५ साठी वेगळे पैसे मोजतोय! इथेनॉलमुळं मायलेज थोडं घटतं, ते वेगळं दुखणं. पण महागडं ९५ घेतलं म्हणून इथेनॉल टळत नाही.

मग त्या सात-आठ रुपयांत मिळतं काय? स्वच्छ करणारी रसायनं. इंजेक्टर साफ राहायला त्यांचा उपयोग होतो, हे मान्य. पण थेट सिलेंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवरची काजळी त्यानं धुतली जात नाही, कारण पेट्रोल त्या व्हॉल्व्हवरून जातच नाही.

माझ्या मते टर्बोवाल्यानं ते पैसे इंजिन ऑइलवर घालावेत. टर्बोचा छोटा पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याचं बेअरिंग त्याच ऑइलवर जगतं. कमी आरपीएमला जोरात ओढताना टर्बो इंजिनात पेट्रोलनं अवेळी पेट घेण्याचा जो धोका असतो, तो आवरायला एपीआय एसपी (ऑइलच्या डब्यावर छापलेला दर्जा) दर्जाचं ऑइल २०२० पासून आलेलं आहे. मॅन्युअलमध्ये सांगितलेली ग्रेड आणि हा दर्जा, दोन्ही डब्यावर बघून घ्या. पाच-पन्नास रुपयांसाठी सुटं ऑइल भरून घेऊ नका, ही कळकळीची विनंती. घाटात गिअर खाली घ्या. लांबून पळवत आणल्यावर ढाब्यावर गाडी लगेच बंद करू नका, मिनिटभर चालू ठेवा.

९५ कुणी घ्यावं? पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो. त्यावर ९५ लिहिलेलं असेल आणि पंपावरचं साधं ई२० नसेल, तर बिनधास्त घ्या, तिथं पैसे वाचवू नका. त्यावर ९१ असेल तर साधंच भरा, पण गर्दीच्या, ज्याचा माल रोज खपतो अशा पंपावर. ई२० मधलं इथेनॉल पाणी ओढतं. आडरानातल्या पंपावर टाकीत महिनोन्महिने पडून राहिलेल्या ९५ पेक्षा बीडच्या हायवेवरचं ताजं साधं केव्हाही बरं.

उत्पादन म्हणून पाचपैकी तीन. माल वाईट नाही, माझ्या गाडीला त्याची गरज नाही. सध्या टाकीत साधंच आहे.