ट्रेल कॅमेरा, काही महिन्यांच्या वापरानंतर: फोटो झकास, घड्याळ भिकार

फोटोखालच्या पट्टीवर वेळ छापलीय: रात्रीचे २ वाजून १४ मिनिटं. आणि फोटोत लख्ख ऊन. रानडुकराची मादी, तिच्यामागे अंगावर पट्टे असलेली पिल्लं, चिखलात रुतलेले खूर, मानेवरचे राठ केस एकेक मोजता येतील इतका स्वच्छ रंगीत फोटो. ट्रेल कॅमेरा म्हणजे झाडाला बांधून ठेवायचा, जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा डबा. तो रंगीत फोटो उजेडातच काढतो, अंधार पडला की इन्फ्रारेड दिवे लागतात आणि सगळं काळं-पांढरं येतं. म्हणजे पट्टीवरची वेळ धादांत खोटी आहे. शेजारी पौर्णिमेच्या चंद्राचं चिन्ह आहे, तेही खोटं, कारण ते चिन्ह कॅमेरा तारखेवरून काढतो आणि तारीखच चुकलेली.

हा फोटो हाती येईपर्यंत माझं मत चांगलं होतं. मेगापिक्सेल, ट्रिगरचा वेग, रेंज हे सगळं तुम्ही खोक्यावर वाचलेलं असणार, ते पुन्हा सांगत नाही. इतकंच सांगतो की दिवसाचे फोटो उत्तम आहेत. इन्फ्रारेड दिवे ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचे असल्यामुळे रात्री जनावराला लाल ठिपका दिसत नाही, त्याची किंमत म्हणून रात्रीची पोच ८५० वाल्यांपेक्षा कमी, आणि ती मला मान्य आहे. डब्याचं रबर घट्ट बसतं, भर पावसातही आत पाणी गेलं नाही. मुंग्या मात्र पट्ट्याच्या खाचेत घर करतात, दर फेरीला ब्रशने झाडून काढा.

आणखी एक आधीच सांगतो. हा अनुभव जिथे परवान्यावर शिकार चालते तिथला आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, तेव्हा तिथल्या वाचकांनी हे निव्वळ निरीक्षणासाठी वाचावं. घड्याळाचं दुखणं दोन्हीकडे सारखंच.

आता मुद्द्यावर येतो. शिकाऱ्याला ट्रेल कॅमेरा लागतो तो जनावर दिसायला कसं आहे हे बघायला नव्हे. ते इथे येतं हे ठसे, लेंड्या, झाडाच्या बुंध्यावर घासलेला चिखल यावरूनही कळतं. ठसा जे सांगू शकत नाही ते म्हणजे नेमकं किती वाजता. शिकारीची कायदेशीर वेळ बहुतेक ठिकाणी सूर्योदय-सूर्यास्ताला बांधलेली असते, कुठे उगवतीच्या आधी अर्धा तास, कुठे मावळतीनंतर अर्धा तास. आणि नेमकी हीच झुंजुमुंजूची आणि तिन्हीसांजेची वेळ जनावरांच्या हालचालीची. पाणवठ्यावर येणारा नर मुदत संपण्याआधी दहा मिनिटं येतो की संपल्यावर दहा मिनिटांनी, यावर तिथे बसण्यात अर्थ आहे की नाही हे ठरतं. घड्याळ पंधरा मिनिटं चुकलं तर ठोकताळाच कोसळतो, आणि वाईटात वाईट म्हणजे माणूस कायद्याच्या बाहेर बंदूक उचलतो.

वाऱ्याचंही तेच. मी प्रत्येक फोटोसमोर वहीत त्या तासाचा वारा लिहितो, कुठून होता, किती होता. काही आठवड्यांच्या नोंदी जमल्या की दिसायला लागतं की अमुक वाऱ्याला जनावर खालच्या वाटेने येतं आणि वारा फिरला की वरच्या सोंडेवरून. मचाण कुठे बांधायचं ते यावरून ठरतं. फोटोची वेळ चुकली की सकाळचा वारा दुपारच्या फोटोला चिकटतो आणि वही भरलेली असूनही निरुपयोगी होते. माझ्या वहीची कित्येक पानं अशी वाया गेली, आणि राग त्याचाच आहे.

माझ्या कॅमेऱ्यात दोन वेगवेगळे दोष होते, ते वेगळे करून सांगतो, कारण सर्व्हिसवाल्यांनी ते मुद्दाम एकत्र कालवले.

पहिला दोष: सेल काढले की तारीख-वेळ कारखान्यातल्या मूळ आकड्यावर जाते. आत घड्याळापुरता छोटा बटण सेल किंवा निदान थोडी वीज साठवून काही मिनिटं तग धरेल असा कपॅसिटर हवा. इतक्या क्षुल्लक भागासाठी काटकसर केलीय. बदलताना तुम्ही समोर असता, वेळ पुन्हा लावता, ते चालून जातं. पण थंडीत अल्कलाइन सेलचा दाब (व्होल्टेज) रात्री पडतो, कॅमेरा बंद होतो. सकाळी ऊन लागून सेल गरम झाले की त्यांच्यात पुन्हा थोडा जीव येतो आणि कॅमेरा आपोआप उठतो. उठतो तो नव्या जन्माची तारीख घेऊन. वरचा डुकरांचा फोटो असाच आलेला. त्या कार्डावर अर्धे फोटो यंदाचे आणि अर्धे कॅमेरा बनण्याच्या सुमाराचे, तारखेप्रमाणे लावले की नवे फोटो जुन्यांच्या आधी. फाइलींचे क्रमांक सलग असतात म्हणून किमान ओळ तरी लावता आली.

दुसरा दोष याहून वाईट, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. सेल भक्कम असतानाही घड्याळ मागे पडत जातं, महिन्याला दहा-बारा मिनिटं. हे कळलं दुसऱ्या कॅमेऱ्यामुळे. एकाच पायवाटेवर, वळणाच्या दोन्ही अंगांना दोन कॅमेरे लावले होते, म्हणजे जनावर कुठून कुठे जातंय आणि मध्ये किती वेळ थांबतंय ते कळावं. फुटक्या कानाची एक हरणी दोन्हीकडे टिपली गेली. दोन्ही फोटोंत तोंड चढाकडे, पण वेळेनुसार बघावं तर ती आधी वर पोहोचली आणि मग खालून निघाली.

सर्व्हिसला लिहिलं. आधी उत्तर आलं, सेल बदला. मग आलं, फॅक्टरी रीसेट करा. मग फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, नवं टाका. प्रत्येक वेळी रानात जाऊन कॅमेरा उतरवायचा, म्हणजे त्या जागेवर आपला वास पसरवायचा आणि जनावर बिथरवायचं, हे त्यांच्या गावीही नाही. शेवटी वाक्य आलं: हवामानामुळे घड्याळात थोडाफार फरक पडतोच.

हे वाचून मी गप्प बसू शकलो नाही. असल्या उपकरणांत वेळ मोजणारा क्वार्ट्झचा स्फटिक असतो, सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा. साध्यातल्या साध्या स्फटिकाची चूक दहा लाखांत वीसच्या आसपास धरतात, म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला मिनिटसुद्धा नाही. तापमानाचा परिणाम होतो हे खरं, २५ अंशांच्या आसपास तो सर्वात अचूक चालतो आणि थंडी असो वा उष्णता, दोन्हीकडे मंदावतो. पण शून्य अंशाला महिनाभर ठेवला तरी आणखी एखाद्या मिनिटाचीच भर पडते. बारा मिनिटं मागे पडायला कॅमेऱ्याच्या आत पाणी उकळतं त्याहून जास्त तापमान अख्खा महिना लागेल. हा हिशेब मी त्यांना लिहून पाठवला, सोबत फोनवरचं घड्याळ कॅमेऱ्यासमोर धरून काढलेले फोटोही, लावतानाचा एक आणि उतरवतानाचा एक. उत्तर नाही. पुन्हा पाठवला. मग म्हणाले पाठवा, पण कुरियरचा खर्च तुमचा. वॉरंटीत असलेल्या वस्तूचा, त्यांच्या दोषाचा, खर्च माझा. त्यावर बरीच पत्रापत्री झाली आणि अखेर जाण्याचा खर्च मी दिला, येण्याचा त्यांनी. कंपनीचं नाव लिहीत नाही. तसंही यातले बरेच कॅमेरे एकाच कारखान्यातून निघून वेगवेगळ्या नावांनी विकले जातात, नावावर जाऊ नका.

कॅमेरा बदलून येईपर्यंत जुन्या फोटोंचं काय करायचं हा प्रश्न होता. इथे एक्झिफटूल या फुकट प्रोग्रॅमने हात दिला. फोटोच्या आत लपलेली तारीख-वेळ तो एका आज्ञेत शेकडो फोटोंवर पुढे-मागे सरकवतो. कॅमेरा एकदम चुकलेला असेल तर हे पुरतं. हळूहळू मागे पडणाऱ्या घड्याळाला मात्र दोन टोकं लागतात: लावताना किती फरक होता, उतरवताना किती, आणि मधल्या दिवसांवर तो समप्रमाणात वाटायचा. म्हणून आता कुठलाही कॅमेरा असो, मी दर खेपेला फोनचं घड्याळ भिंगासमोर धरून पहिला फोटो काढतो आणि निघताना शेवटचा. हाताची बोटं आणि पडद्यावरचे सेकंद स्पष्ट यायला हवेत. मूळ फाइलींची नक्कल आधी बाजूला ठेवा.

सेलबद्दल माझं मत मधल्या काळात बदललं, तेही लिहितो. सुरुवातीला मी रिचार्जेबलवर फुली मारली होती. निकेल-मेटल हायड्राइडचा सेल १.२ व्होल्टचा, अल्कलाइन १.५ चा. आठ सेलांत हा फरक २.४ व्होल्टचा होतो आणि कॅमेऱ्याला भरलेले सेलही संपत आलेले वाटतात. रात्री दिवे लागायच्या क्षणी तो बंद पडायचा. लिथियमचे टाकले तर मस्त चालतो, उणे ४० अंशांपर्यंत ते दगा देत नाहीत, पण एकदा वापरून फेकायचे आणि महाग, माझ्या जिवावर येतं. शिवाय त्यांचा दाब शेवटपर्यंत सपाट राहतो, पडद्यावर भरलेलं चिन्ह दिसतं आणि दुसऱ्या दिवशी कॅमेरा मेलेला. फर्मवेअर बदलल्यावर मेन्यूत सेलचा प्रकार निवडायची सोय आली आणि तेव्हापासून तेच रिचार्जेबल सेल नीट चालतात, रात्रीच्या व्हिडिओसकट. सर्व्हिसच्या त्या सगळ्या छळात एवढं एक चांगलं निघालं. कडाक्याच्या थंडीत लिथियम, एरवी रिचार्जेबल, आणि दोन प्रकार किंवा जुने-नवे सेल कधीच एकत्र नाही.

रिकाम्या फोटोंची ओरड बरेच जण करतात, मला तो दोष वाटत नाही. सेन्सर हलणारी उष्णता बघतो. उन्हाने तापलेलं गवत वाऱ्यावर डुललं की त्याला जनावरच वाटणार. समोरचं गवत काढा, आणि उत्तर गोलार्धात असाल तर तोंड उत्तरेला ठेवा म्हणजे सूर्य समोर येत नाही. वाटेला अगदी काटकोनात लावला तर पळत्या जनावराचं फक्त शेपूट मिळतं, थोडा तिरका लावा. भर उन्हाळ्यात हवा जनावराच्या अंगाइतकीच तापली की सेन्सर आंधळा होतो, याला इलाज नाही.

फोनवर लगेच फोटो पाठवणारं मॉडेल घ्या असा सल्ला मला मिळाला, कारण त्याचं घड्याळ नेटवर्कवरून आपोआप जुळतं. तेवढ्यासाठी मोह होतो, हे कबूल. पण जनावर पाणवठ्यावर उभं असल्याचा संदेश यावा आणि आपण बंदूक घेऊन निघावं, ही शिकार मला पटत नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याने तर १ जानेवारी २०२२ पासून शिकारीच्या कामी ट्रेल कॅमेरा वापरायलाच बंदी केलीय, साधा असो वा संदेश पाठवणारा. मी इतक्या टोकाला जाणार नाही, पण हंगामाआधी वाट ओळखायला कॅमेरा आणि हंगामात आपले डोळे, ही रेघ मी पाळतो. जॉर्ज शिरास नावाच्या शिकाऱ्याने बंदूक ठेवून कॅमेरा उचलला तेव्हा जनावराचा पाय तारेला लागला की पूड भडकून फोटो निघायचा. जुलै १९०६ च्या नॅशनल जिओग्राफिकमध्ये त्याचे ७४ फोटो छापून आले. तेव्हा एक फोटो निघाला की माणसाने जाऊन सगळी मांडामांड पुन्हा करायची. आता माणूस महिनाभर फिरकत नाही. मग वेळेची साक्ष द्यायला त्या डब्याशिवाय तिथे कोण आहे? म्हणूनच त्याच्या घड्याळावर माझा इतका जीव अडकलाय.

ताजी भर: बदलून आलेला कॅमेरा काही आठवडे झाडावर होता. घड्याळ मिनिटाच्या आत आहे. म्हणजे आधीच्यातला स्फटिकच खराब होता, आणि हे त्यांना पहिल्याच पत्रावरून कळायला हवं होतं. सेल काढल्यावर वेळ जाते ती मात्र जातेच, ती रचनेतच आहे. त्यावर उपाय म्हणजे खालच्या बाजूला बाहेरच्या बॅटरीचं भोक असतं. सेल बदलण्याआधी तिथे योग्य व्होल्टची बॅटरी जोडा, मग सेल काढा, वेळ टिकते. आपल्या मॉडेलला ६ व्होल्ट लागतात की १२ हे पुस्तिकेत बघून मगच जोडा.

पाचात साडेतीन. आधीच्या कॅमेऱ्याला दीड दिला असता. तुम्ही घेणार असाल तर घेतल्या दिवशीच फोनच्या घड्याळाशी सेकंदाला जुळवून खिडकीत ठेवा, परत करायची मुदत संपण्याच्या दोन दिवस आधी पुन्हा ताडून बघा. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त फरक दिसला तर सर्व्हिसच्या नादी न लागता सरळ दुकानात परत करा.