दार उघडं की बंद? कांदा, सोयाबीन आणि कापसाचा हिशेब

शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या उत्पादक कंपनीच्या सभेत ‘आयात थांबवा’ असा ठराव आला की हात पटकन वर जातात. ‘निर्यात खुली करा’ म्हटलं की तेच हात पुन्हा वर. तुमच्या कंपनीला खुल्या व्यापारावर भूमिका घ्यायची असेल, तर आधी पीकवार हिशेब मांडा, कारण प्रत्येक पिकाचं उत्तर वेगळं येतं.

कांद्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दार उघडंच हवं. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याहून स्वस्त माल बाहेर पाठवता येत नाही) आलं आणि ८ डिसेंबरला थेट बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, तीही ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवून. शुल्क पूर्ण निघायला १ एप्रिल २०२५ उजाडला. उन्हाळ कांदा निदान कांदाचाळीत साठवून ठेवता येतो. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, काढला की लासलगाव नाही तर पिंपळगाव गाठावंच लागतं. डिसेंबरातली बंदी नेमकी त्यावरच येते. बाहेरचं गिऱ्हाईकही आपली वाट बघत बसत नाही, ते पाकिस्तान किंवा इजिप्तचा माल घेतं, आणि एकदा तुटलेलं गिऱ्हाईक जोडायला पुढचे हंगाम जातात. शहरात कांदा स्वस्त मिळाला हा फायदा खराच, पण घरटी तो महिन्याला थोड्या रुपयांचा. तोटा मात्र कांदा पिकवणाऱ्या घराच्या वर्षभराच्या कमाईचा.

सोयाबीनचं गणित उलटं वाटतं. आपण गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो: पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोया तेल मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलमधून. मग आयातीवर कर वाढवला की भाव चढेल, असं कोणालाही वाटेल. १४ सप्टेंबर २०२४ ला कच्च्या खाद्यतेलावरचा कर उपकरांसह ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेला. तरीही त्या हंगामात लातूरच्या बाजारात सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकलं गेलं. क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघतं साधारण १८ किलो, बाकी बहुतेक पेंड. पेंडीचा जागतिक भाव पडलेला, त्यात इथेनॉलनंतर उरणारा मक्याचा स्वस्त चोथा पशुखाद्यात शिरलेला. म्हणजे फोडणीचं तेल सगळ्यांना महाग पडलं, अगदी सोयाबीन काढणाऱ्या मजुरालाही, आणि शेतकऱ्याच्या हाती त्यातलं फारसं आलं नाही. मे २०२५ च्या अखेरीस तो कर पुन्हा १६.५ टक्क्यांवर आणला. आयातकर हे औषध प्रत्येक दुखण्यावर चालत नाही, ते असं. इथे हमीभावाने वेळेवर खरेदी जास्त कामाची.

कापसात दोन्ही बाजूंना आपलीच माणसं आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये आयात कापसावर ११ टक्के शुल्क लागलं. १९ ऑगस्ट २०२५ ला ते काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. त्याच महिन्यात अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के कर लावला होता, कापड निर्यातदारांना दिलासा हवाच होता. इचलकरंजीच्या मागाला स्वस्त सूत मिळालं तर तिथली मजुरी टिकते, ही गोष्ट मी हलकी मानत नाही. पण यवतमाळात पेरणी ११ टक्के शुल्क धरून झाली होती. वेचणी तोंडावर आली असताना पायाखालची अटच बदलली. ‘आयात खुली’ यापेक्षा ‘आयात ऐन हंगामात खुली’ हे जास्त मारतं.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी शेतमालाचा जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाचं स्वागत केलं तेव्हा त्यांच्यावर खूप टीका झाली. त्यांचा ‘उणे सबसिडी’चा मुद्दा मात्र मला अजून पटतो: भाव वाढले की सरकार निर्यात अडवतं, आयात सोडतं, आणि त्या वजावटीचं ओझं शेतकरीच वाहतो. म्हणून ठरावात मी ‘बंद’ किंवा ‘खुलं’ एवढंच लिहिणार नाही. आयात-निर्यातीचं शुल्क पेरणीआधी जाहीर करावं आणि तो माल विकला जाईपर्यंत बदलू नये, अशी मागणी घालेन.

संत्रा पिकवणारे सभासद असतील तर आणखी एक ओळ लागेल. वरूड-मोर्शीचा संत्रा बांगलादेशाने आयातशुल्क वाढवल्यामुळे अडला. ते दार आपल्या हातातलं नाही, तिथे दोन सरकारांचा करारच हवा, आणि करारात आपल्यालाही काहीतरी सोडावं लागेल. ते काय सोडायचं, हे सभासदांना विचारूनच ठरवा.