सॉफ्टवेअरमधला सरटॅक्स आणि आमच्या खात्यातून गेलेले पैसे

फ्लोरिडात ज्यांचं स्वतःचं दुकान आहे आणि ज्यांच्याकडे पाच हजार डॉलरच्या वरची एखादी तरी वस्तू विकली जाते, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. फर्निचर, दागिने, यंत्रं, हॉटेलचं सामान, काहीही असो. आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये काउंटीचा कर, म्हणजे सरटॅक्स, जाणूनबुजून चुकीचा लावून ठेवला होता आणि त्या चुकीतून जे जास्तीचे पैसे निघत होते ते दर महिन्याला एक माणूस घेत होता. आमचे हिशेब मात्र सेंटपर्यंत जुळलेले होते, म्हणून हे इतके दिवस चाललं.

आम्ही टँपात, म्हणजे हिल्सबरो काउंटीत, रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघराचं सामान विकतो. ओव्हन, तंदूर, कणीक मळायची मोठी यंत्रं, वॉक-इन कूलर. गिऱ्हाइकं टँपापुरती नाहीत. सेंट पीटर्सबर्ग, लेकलँड, ऑरलँडो, किसिमीपर्यंत आमचा ट्रक जातो. दुकान माझे यजमान बघतात, इन्व्हॉइस आणि बँक मी बघते.

कर कसा लागतो ते आधी सांगते, कारण चोरीची जागा तिथेच आहे. फ्लोरिडा राज्याचा विक्रीकर ६ टक्के. त्यावर बहुतेक काउंट्या आपला सरटॅक्स लावतात. हिल्सबरोत तो दीड टक्का, पिनेलसमध्ये एक टक्का, ऑरेंज काउंटीत अर्धा टक्का. माल आपल्या ट्रकने पोचवला तर जिथे माल उतरला त्या काउंटीचा दर लागतो, दुकान जिथे आहे तिथला नाही. गिऱ्हाईक स्वतः येऊन माल घेऊन गेलं तर दुकानाच्या काउंटीचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सरटॅक्स एका वस्तूच्या फक्त पहिल्या ५,००० डॉलरवर लागतो. त्यावरच्या रकमेवर राज्याचे ६ टक्के लागतात, काउंटीचं काही नाही.

म्हणजे टँपातच १८,००० डॉलरचा वॉक-इन कूलर विकला तर राज्याचा कर १,०८० डॉलर आणि काउंटीचा ५,००० वर दीड टक्का म्हणजे ७५. एकूण १,१५५. आता सॉफ्टवेअरमध्ये सरसकट ७.५ टक्के असा एकच दर बसवलेला असेल तर तेच बिल १,३५० डॉलर कर दाखवतं. एका कूलरमागे १९५ डॉलर जास्त. गिऱ्हाईक ते भरून मोकळं होतं, कारण हॉटेल उघडायच्या घाईत असलेला माणूस कराची ओळ तपासत बसत नाही.

पाच हजारांच्या मर्यादेचा हिशेब सॉफ्टवेअर आपोआप करेलच असं नाही. दर टक्क्यात असतो, ते टक्क्याने गुणतं. मर्यादा पाळायची तर बिलात वस्तू दोन ओळींत तोडावी लागते: पहिले ५,००० राज्य अधिक काउंटीच्या दराने, उरलेली रक्कम फक्त राज्याच्या दराने. त्यातही मेख आहे. कूलरच्या भिंती, दार, कॉम्प्रेसर अशा वेगवेगळ्या ओळी एकाच बिलात असल्या तरी ते सगळं जोडून एक चालतं यंत्र होत असेल तर ती एकच वस्तू धरली जाते. उलट आठशेआठशे डॉलरची दहा सुटी टेबलं घेतली तर ती दहा वस्तू आणि पूर्ण आठ हजारांवर सरटॅक्स. हे ठरवायला नियम माहीत असलेला माणूस लागतो. आम्ही तसा माणूस शोधला, आणि त्याला नियम अगदी चोख माहीत होते.

गणपतीच्या कार्यक्रमात ओळख झाली. आपल्याच भागातला, बोलायला गोड, यजमानांना दादा म्हणायचा, मला वहिनी. आमच्या ओळखीच्या आणखी दोन दुकानांचे हिशेब तोच बघत होता. हिल्सबरोत २०१९ साली वाहतुकीसाठी एक टक्का जास्तीचा सरटॅक्स सुरू झाला होता आणि एकूण दर साडेआठवर गेला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि मार्चच्या मध्यात वसुली थांबली. त्या उलथापालथीत सगळेच दुकानदार दर बदलून बदलून वैतागले होते. तो म्हणाला, "वहिनी, सेल्स टॅक्सचं तुम्ही डोक्यातून काढूनच टाका. सॉफ्टवेअर पत्त्यावरून रेट उचलतं. तुम्ही इन्व्हॉइस करा, बाकी माझ्यावर सोडा."

त्याने सॉफ्टवेअर नव्याने लावून दिलं. डीआर-८३५ हा मुखत्यारपत्राचा फॉर्म आमच्याकडून सही करून घेतला, म्हणजे राज्याच्या रेव्हेन्यू (कर) खात्याशी आमच्या वतीने तो बोलू शकणार. ऑनलाइन खात्याचं लॉगिन त्याच्या ईमेलवर उघडलं. आणि पैसे भरायची पद्धत अशी सांगितली की महिन्याचा कर आम्ही त्याच्या कंपनीच्या 'क्लायंट टॅक्स अकाउंट'मध्ये टाकायचा, तिथून तो राज्याला भरणार. पगाराचे कर भरणाऱ्या कंपन्या असंच करतात, त्यामुळे यात वावगं काही दिसलं नाही.

महिना संपला की पहिल्या आठवड्यात त्याचा ईमेल यायचा. सोबत सॉफ्टवेअरमधून काढलेला सेल्स टॅक्स लायबिलिटी रिपोर्ट, म्हणजे राज्याला किती कर देणं आहे त्याचा तक्ता, आणि खाली एक आकडा. तो आकडा मी ट्रान्सफर करायची. रिपोर्ट आणि आकडा नेहमी जुळायचे. फ्लोरिडात रिटर्न २० तारखेपर्यंत भरायचं असतं, त्याने एकदाही उशीर केला नाही. खात्याकडून कधी नोटीस नाही, दंड नाही.

उलगडा झाला तो एका गिऱ्हाइकामुळे. ऑरलँडोतल्या एका हॉटेलच्या अकाउंटंट बाईंनी फोन केला. आम्ही त्यांना १४,२०० डॉलरचा ओव्हन आमच्या ट्रकने पोचवला होता आणि १,०६५ डॉलर कर लावला होता. त्या शांतपणे म्हणाल्या की ऑरेंज काउंटीत अर्धा टक्का आहे, तोही पाच हजारांवर. कर ८५२ अधिक २५, म्हणजे ८७७ व्हायला हवा. १८८ डॉलर परत करा.

मी त्याला फोन केला. तो हसून म्हणाला, "सॉफ्टवेअरचा ग्लिच असेल हो. एखादा पत्ता चुकला असेल." त्याच संध्याकाळी मी जुनी बिलं उघडून बसले. एक पत्ता चुकला नव्हता. ऑरेंज, पिनेलस, पोक, कुठेही माल गेला तरी दर ७.५ टक्के, आणि पाच हजारांच्या वरची एकही वस्तू दोन ओळींत तोडलेली नाही. पत्त्यावरून दर उचलायची सोय सॉफ्टवेअरमध्ये होती. ती बंद करून हाताने एकच दर टाकलेला होता.

इथवर मलाही वाटलं की हा निष्काळजीपणा असेल. मग आम्ही रेव्हेन्यू खात्याकडून आमच्याच रिटर्नच्या प्रती मागवल्या. करदाता आपण असतो, त्यामुळे प्रती मिळतात. त्या हातात आल्यावर माझे हात थरथरले, हे मी लपवत नाही.

डीआर-१५ या रिटर्नच्या मागच्या बाजूला १५(अ) नावाची ओळ असते, इंग्रजी ए. तिथे पाच हजारांच्या वरची, सरटॅक्समधून सुटणारी रक्कम लिहायची. १५(क), म्हणजे इंग्रजी सी, मध्ये आपल्या काउंटीपेक्षा वेगळ्या दराने कर लागलेली विक्री. या दोन्ही ओळी त्याने दर महिन्याला बरोबर भरल्या होत्या. त्या कूलरचे ५,००० च्या वरचे १३,००० तिथे होते. ऑरलँडोचा ओव्हनही होता. ज्या माणसाने आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पत्त्यावरून दर उचलणं बंद केलं होतं आणि मर्यादेचा हिशेब बसवलाच नव्हता, त्यानेच राज्याच्या फॉर्मवर बिलंन् बिलं तपासून अचूक हिशेब केला होता. राज्याला नेमका देय कर गेला. आमच्याकडून सॉफ्टवेअरने फुगवलेला घेतला. मधला फरक त्याच्याकडे राहिला.

शिवाय ऑनलाइन आणि वेळेत भरणाऱ्याला राज्य थोडी सूट देतं: कराच्या पहिल्या १,२०० डॉलरवर अडीच टक्के, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त ३० डॉलर. तीसुद्धा त्याने प्रत्येक रिटर्नवर घेतली होती. आमच्या हिशेबात तिचा पत्ता नाही.

आणि हिशेब का जुळत होते? आम्ही त्याच्या कंपनीला केलेली ट्रान्सफर तो सॉफ्टवेअरमध्ये 'फ्लोरिडा डिपार्टमेंट ऑफ रेव्हेन्यू'ला केलेलं पेमेंट म्हणून नोंदवायचा. पूर्ण रक्कम. त्यामुळे टॅक्स पेएबल, म्हणजे देणं असलेल्या कराचं, खातं दर महिन्याला शून्यावर यायचं. बँक स्टेटमेंटवर त्याच्या कंपनीचं नाव, हिशेबात राज्याचं. रक्कम एकच असल्यामुळे बँकेशी ताळा करताना बरोबरची खूण लागायची. सॉफ्टवेअर रक्कम आणि तारीख जुळवतं, पैसे घेणारा कोण ते नाही.

त्याच्या समोर प्रती ठेवल्या तेव्हा त्याने आवाज चढवला नाही. म्हणाला, "दादा, तो माझा सर्व्हिस चार्ज होता. रिटर्न इतकं बारकाईने भरायला वेळ लागतो." त्याची महिन्याची फी आम्ही वेगळी देत होतो, तिची इन्व्हॉइस त्यानेच पाठवलेली होती. यजमानांनी तेवढंच विचारलं, की मग या पैशाचं बिल दाखव. त्यानंतर त्याने आमचे फोन घेतले नाहीत.

आता सगळ्यात दुखणारा भाग. गेलेला पैसा आमचा नव्हता, गिऱ्हाइकांचा होता. राज्याचा नियम स्पष्ट आहे: कर म्हणून घेतलेला पैसा दुकानदाराला ठेवता येत नाही. जास्त घेतला असेल तर ज्याच्याकडून घेतला त्याला परत करायचा, नाहीतर राज्याकडे भरायचा. 'आमच्याकडूनही तो दुसऱ्यानेच नेला' हे उत्तर तिथे चालत नाही, आणि चालू नये असंच मला वाटतं. ज्यांनी आमच्या बिलावर विश्वास ठेवून पैसे दिले त्यांचा यात काय दोष? आम्ही प्रत्येक बिल पुन्हा मोजलं, क्रेडिट मेमो काढले आणि चेक पाठवले. रक्कम पाच आकडी झाली. त्यासाठी नवा ट्रक घ्यायचा बेत सोडला. काही हॉटेलं तोवर बंद पडली होती. जे गिऱ्हाईक सापडलंच नाही त्याचे पैसे राज्याकडे भरले.

शेरीफच्या कार्यालयात तक्रार दिली आहे. सोबत रिटर्नच्या प्रती, लायबिलिटी रिपोर्ट, बँक स्टेटमेंट आणि त्याचे ईमेल महिन्यावार लावून दिले. हे लावण्यात मदत करणाऱ्या सीपीए (परवानाधारक अकाउंटंट) बाईंनी एक गोष्ट सांगितली. इथे बुककीपर व्हायला परवाना लागत नाही. सीपीएला लागतो, आणि तो राज्याच्या डीबीपीआर, म्हणजे व्यवसायांचे परवाने देणाऱ्या, खात्याच्या वेबसाइटवर नाव टाकून कुणालाही बघता येतो. आमचा माणूस सगळीकडे 'टॅक्स एक्स्पर्ट' लिहायचा. सीपीए असं कधीच लिहिलं नव्हतं.

आता लॉगिन आमच्या ईमेलवर आहे, मुखत्यारपत्र रद्द केलं आहे, आणि कर आमच्या बँक खात्यातून थेट राज्याला जातो. रेव्हेन्यू खात्याच्या वेबसाइटवर ही सोय पूर्वीपासून आहे, मध्ये कुणाचं खातं लागतच नाही. रिटर्न कुणीही भरो, भरल्यावर जो कन्फर्मेशन नंबर येतो आणि जी प्रत निघते ती मी स्वतः डाउनलोड करते. ती प्रत आणि सॉफ्टवेअरचा लायबिलिटी रिपोर्ट शेजारी ठेवते. दोन्हींतला कर एक यायला हवा, फरक पडलाच तर त्या ३० डॉलरच्या सुटीचा आणि काही सेंटचा. तुमचा हिशेब दुसरं कुणी बघत असेल तर आजच त्याच्याकडे डीआर-१५ ची प्रत मागा, दोन्ही बाजू. रिपोर्ट नको, एक्सेल नको, राज्याकडे गेलेली प्रत. द्यायला टाळाटाळ झाली तर थेट खात्याकडून मागवा. काउंट्यांचे दर सहसा १ जानेवारीला बदलतात आणि खातं त्यांची यादी डीआर-१५डीएसएस या नावाने दरवर्षी काढतं. ती छापून मी काउंटरमागे चिकटवली आहे. पत्ता कोणत्या काउंटीत येतो ते झिप कोडवरून ठरवू नका, एकाच झिपमध्ये दोन काउंट्या येऊ शकतात. खात्याच्या साइटवर पूर्ण पत्ता टाकून काउंटी मिळते.

आमच्या ओळखीच्या त्या दोन दुकानांनीही प्रती मागवल्या. एकाकडे स्वस्त वस्तूच विकल्या जातात, तिथे फरक जवळजवळ नाही. दुसरं दुकान फर्निचरचं आहे, आणि तिथे आमच्यासारखंच निघालं. तेही आता तक्रारीत सामील आहेत.

त्या माणसाने जुनी कंपनी बंद पडू दिली आणि नव्या नावाने दुसरी काढली आहे. कंपन्यांच्या नोंदणीच्या राज्याच्या सनबिझ या साइटवर हे दिसतं, पण कंपनीचं नाव टाकून शोधलं तर फक्त नवी, स्वच्छ कंपनीच समोर येते. तिथे अधिकारी किंवा रजिस्टर्ड एजंटच्या (कंपनीच्या वतीने कायदेशीर कागद स्वीकारणाऱ्याच्या) नावाने शोधायची वेगळी सोय आहे. कुणाला हिशेब सोपवण्याआधी त्या माणसाचं स्वतःचं नाव तिथे टाका, म्हणजे त्याने आधी काढलेल्या आणि बंद केलेल्या कंपन्याही यादीत येतात.