रक्षक सापळा: कोपऱ्यात एक टांगून निकाल लावू नका

हापूसच्या बागेत फळमाशीसाठी कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा घ्यावा, हे आमचं स्पष्ट मत. पण बहुतेक बागायतदार नवी गोष्ट पारखतात तशी याची पारख करू नये. ‘चार कलमांवर लावून बघू, जमलं तर पुढच्या वर्षी सगळीकडे’ हा हिशेब खताला चालतो, इथे फसतो.

कारण साधं आहे. सापळ्याच्या बरणीत मिथाईल युजेनॉल हे वासाचं आमिष, म्हणजे ल्यूर, असतं. त्याच्या वासाला येतो तो फक्त नर. फळाला डंख मारून सालीखाली अंडी घालते ती मादी, आणि ती सापळ्याकडे फिरकतच नाही. नर संपले की माद्या फळत नाहीत, म्हणजे त्यांचा नराशी संयोग होत नाही, म्हणून पुढची पिढी कमी होते. बागेच्या उरलेल्या भागातून किंवा बांधावरच्या रायवळ (कोयीपासून वाढलेल्या) आंब्याखालून फळलेली मादी उडत आली, की सापळा माश्यांनी भरूनही आंबा किडतोच. म्हणून पूर्ण बागेत लावा आणि शेजाऱ्यालाही सोबत घ्या.

शिफारस हेक्टरी ४ सापळ्यांची. जमिनीपासून ४ ते ५ फुटांवर, सावलीतल्या फांदीला टांगा. उन्हात ल्यूर लवकर उडतं. टांगायच्या तारेला बोटभर ग्रीस फासा. नाहीतर मुंग्या मेलेल्या माश्या ओढून नेतात आणि रिकामी बरणी बघून सापळाच बाद ठरवला जातो. मुहूर्त फळात कोय धरण्याआधीचा. मेमध्ये डागी फळं दिसल्यावर लावला तर उशीर झालेला असतो.

गळलेली फळं रोज उचलून दोन फूट खोल गाडायलाच हवीत. अळी फळातून बाहेर पडून मातीत कोष करते; हे काम टाळलं तर सापळ्याचा खर्च फुकट. मजुरी इथेच लागते, सापळ्याला नाही.

युरोपीय संघाने 2014 मध्ये भारतीय आंबा थांबवला तो फळमाशी सापडल्यामुळेच. बंदी 2015 मध्ये उठली. निर्यातीला माल देणाऱ्याने हा खर्च टाळू नये. सापळ्याचं औषध फळाला लागत नाही, ही आणखी जमेची बाजू.

परिणाम मात्र आढीत, म्हणजे आंबे पिकायला घालतात तिथे, मोजा. डंख काढणीच्या वेळी सहसा दिसत नाही. पिकलेली 100 फळं कापा, अळीची किती निघाली ते लिहून ठेवा आणि पुढच्या हंगामात त्याच कलमांची तितकीच फळं कापा. ल्यूर बदलल्याची तारीख बरणीवरच मार्करने लिहा. मुदत पाकिटावर असते.